नांदेड ते घुमान, गुरूंच्या गावांतून

नांदेडच्या माणसाला गुरुद्वारा नवा नसतो. आमचं घर वजिराबादेत, त्यामुळे सचखंड हुजूर साहिबचे घुमट बघतच मी मोठी झाले. दसऱ्याचा हल्लाबोल, होळीनंतरचा होला मोहल्ला, निळे फेटे बांधलेले निहंग, सगळं अंगवळणी पडलेलं. दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये इथेच गोदावरीकाठी गेले. यापुढे ग्रंथ हाच गुरू, हेही त्यांनी इथेच सांगितलं. गुरूंच्या गोष्टीचं शेवटचं पान असं आमच्या गावात, आधीची नऊ पानं मात्र मी कधी उलगडलीच नव्हती. ती उलगडायला गेल्या फेब्रुवारीत निघाले, आईला घेऊन.

आईचं निमित्त वेगळं होतं. ती वारकरी घरातली, गळ्यात माळ, रोजचा हरिपाठ चुकत नाही. नामदेव महाराज पंजाबातल्या घुमानला जाऊन राहिले हे तिने कीर्तनात शंभरदा ऐकलं होतं. "पंढरी सोडून एवढ्या लांब कशाला गेले असतील गं ते?" हा तिचा जुना प्रश्न. निघायच्या आदल्या रविवारी हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीला, महाराजांच्या जन्मगावी, जाऊन तिने साखरफुटाण्यांचा एक पुडा आणला. तो घुमानला द्यायचा, मध्ये कोणी हात लावायचा नाही, अशी मला सक्त ताकीद होती.

दिवस पहिला आणि दुसरा : सचखंड एक्सप्रेस

नांदेडहून सकाळी निघालेली ही गाडी दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसरला पोहोचते. शेवटच्या गुरूच्या गावाहून ती चौथ्या गुरूने वसवलेल्या गावाला जाते, आणि वाटेतल्या कितीतरी स्टेशनांवर लंगर येतं. पहिल्या संध्याकाळी गाडी थांबली तशी तरुण पोरं बादल्या घेऊन धावत आली. खिडकीखिडकीशी "आओ जी, परशादा लओ जी" सुरू झालं. आमच्या डब्यातले जाणकार प्रवासी आधीच ताटल्या-डबे काढून बसले होते. आईने तिची स्टीलची ताटली खिडकीतून पुढे केली. वाढणारा मुलगा असेल सोळा-सतरा वर्षांचा. दोन मिनिटांत त्याने पाच-सहा खिडक्या केल्या आणि कोणालाही नाव, गाव, जात विचारली नाही. आई म्हणाली, "वारीत वाखरीच्या वाटेवर असंच वाढतात बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्लीत कढी-भात मिळाला, तोही गरम.

या गाडीने जाणार असाल तर सोबत एक ताटली, एक डबा आणि पेला असू द्या. लंगर सगळ्यांसाठी असतं, संकोच करू नका. फक्त लागेल तेवढंच घ्या. थंडीत उत्तरेकडे धुकं पडतं, तेव्हा पोहोचल्या दिवशी पुढचा काही बेत आखू नका.

दिवस तिसरा : अमृतसर

सकाळी साडेसातला आम्ही हरमंदिर साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, दारात होतो. चपला जोडाघरात दिल्या. तिथे चपला घेणारे गृहस्थ चांगल्या घरचे, सत्तरीचे, मनगटावर भारी घड्याळ असलेले. आमच्या धुळीने भरलेल्या चपला त्यांनी दोन्ही हातांनी उचलल्या, फडक्याने पुसल्या आणि टोकन दिलं. आई क्षणभर अवघडून उभीच राहिली.

पाय धुवायच्या उथळ पाण्यातून पुढे गेलं की पायऱ्या लागतात, आणि त्या खाली उतरतात. आपल्याला देवळात चढून जायची सवय, इथे उतरून जायचं. पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी हे मंदिर मुद्दाम आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली बांधवून घेतलं, आणि चार दिशांना चार दारं ठेवली. येणारा कुठल्याही बाजूने, कुठल्याही वर्णाचा येवो, दार असलंच पाहिजे. नमून मात्र सगळ्यांनी यायचं. आई उतरता उतरता थांबली. "आपल्या नामदेवांनी पंढरीला पायरीची जागा मागून घेतली, भक्तांची पायधूळ लागावी म्हणून. इथे सगळं मंदिरच पायरी झालंय." इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

मग समोर ते दिसलं. सकाळचं कोवळं ऊन, तळ्यावर धुक्याचा पातळ थर, आणि मधोमध सोनं. सोन्याचा पत्रा महाराजा रणजितसिंगांनी एकोणिसाव्या शतकात चढवला. पण इथलं मूळ म्हणजे पाणी. चौथे गुरू रामदास यांनी हे तळं खोदवलं, त्यावरूनच गावाला अमृतसर नाव पडलं. या रामदासांचं लहानपणचं नाव जेठा. आईबाप लवकर गेले, आजीने वाढवलं आणि पोटासाठी ते उकडलेले हरभरे विकायचे. पंजाबीत त्यांना 'घुंगणियां' म्हणतात. आमच्याकडे बारशाला वाटतात त्या घुगऱ्या! हे कळल्यावर आईला ते गुरू एकदम घरचेच वाटायला लागले. दिवसभर ती त्यांना 'घुगऱ्यावाले महाराज' म्हणत होती, आणि तिच्या तोंडी ते फार गोड वाटत होतं.

आत जायला दीड तास रांग होती. रांगेत ढकलाढकली नाही, कीर्तन सतत कानावर. दरबारात गुरू ग्रंथ साहिब रुमाल्याखाली, त्यावर चवरी ढाळणारे, बाजूला कीर्तन गाणारे रागी. मूर्ती नाही, फोटो नाही, सगळा मान शब्दाला. हा ग्रंथ गुरू अर्जुनदेवांनी जवळच रामसरच्या काठी बसून सिद्ध केला. ते सांगत गेले, भाई गुरदासांनी लिहून घेतलं आणि १६०४ मध्ये तो इथे विराजमान झाला. पहिले ग्रंथी, म्हणजे ग्रंथाचं पठण करणारे, बाबा बुड्ढा. पुढे गुरू तेगबहादुरांची वाणी त्यात आली आणि आज त्याची १४३० पानं आहेत. त्यांना पानं नाही म्हणायचं, 'अंग' म्हणायचं. ग्रंथ हे जर शरीर, तर पान हे अंगच.

अर्जुनदेवांनी त्यात आधीच्या गुरूंबरोबर कबीर घेतले, चांभार रविदास घेतले, मुसलमान शेख फरीद घेतले आणि शिंपी नामदेव घेतले. नामदेवांची ६१ पदं त्यात आहेत. मला वाटतं, धर्मग्रंथ सिद्ध करताना परक्या जातीच्या, परक्या प्रांताच्या, परक्या धर्माच्या माणसाचं म्हणणं आपल्या गुरूंच्या म्हणण्याशेजारी त्याच्याच नावाने ठेवायला फार मोठं मन लागतं. दोनच वर्षांनी, १६०६ मध्ये, जहांगीराच्या राज्यात लाहोरला अर्जुनदेवांचा छळ करून जीव घेतला गेला. शिखांचे ते पहिले शहीद.

त्यांचे पुत्र गुरू हरगोविंद यांनी मग दोन तलवारी बांधल्या, एक मिरीची, एक पिरीची. म्हणजे एक ऐहिक सत्तेची आणि दुसरी अध्यात्माची. हरमंदिरासमोरचा अकाल तख्त त्यांचा. तो सहावा अध्याय नीट समजून घ्यायला एखादा दिवस आणखी हवा होता.

दिवस चौथा : पहाट आणि पोळपाट

पहाटे तीनला उठलो. ग्रंथ साहिब रात्री अकाल तख्तात विश्रांतीला जातात आणि पहाटे पालखीतून परत दरबारात येतात. गारठा असा की संगमरवर पायाला चावत होता. परिक्रमेत जाजम अंथरलेली असतात, त्यांवरूनच चाला. नरसिंगा वाजला, गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या गेल्या आणि पालखीला खांदा द्यायला गर्दी लोटली. आपली पालखी पाहिलेल्या कोणालाही ही गर्दी लगेच ओळखू येईल. एक तरुण खांदा देऊन बाहेर आला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

सकाळी आम्ही लंगरात सेवेला गेलो. इथे रोज पन्नास हजारांहून जास्त माणसं जेवतात. पोळ्यांसाठी यंत्रंही आहेत, तरी बायकांचा मोठा घोळका जमिनीवर बसून हाताने लाटत असतो. आईला पाहून त्यांनी जागा केली. कणकेच्या गोळ्यांना तिथे 'पेडे' म्हणतात. आईने पेडा उचलला, लाटणं बाजूला ठेवलं आणि सवयीने भाकरीसारखा थापायला घेतला. शेजारची बाई थबकली. मग तिनेही लाटणं ठेवलं आणि आईकडे बघून थापायला लागली. तिचा फाटला, आईचा गोल झाला. पाच-सहा जणींचा खेळच सुरू झाला. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. "माताजी, कित्थों आये?" असं कोणीतरी विचारलं. मी म्हटलं, नांदेड. कोणाला कळेना. मग म्हटलं, हुजूर साहिब.

लाटणी थांबली. त्या शेजारच्या बाईने पिठाचा हात कपाळाला लावला आणि मग आईच्या पायाला. पाठोपाठ दुसरीने. त्यांच्यातल्या एकीची सासू हुजूर साहिबला जायचं म्हणून आयुष्यभर पैसे साठवत होती आणि जायच्या आधीच गेली. आम्ही तर रोज भाजी आणायला त्या रस्त्याने जातो. आई नंतर बराच वेळ गप्प होती. "अगं, आपण जिथून आलो तेच यांचं पंढरपूर आहे," एवढंच म्हणाली.

जेवायला पंगतीत बसलो. परशादा, म्हणजे पोळी, इथे ताटात टाकत नाहीत. दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून ती घ्यावी लागते. माझ्या डाव्या हाताला रिक्षावाला होता, उजव्या हाताला परदेशातून आलेलं कुटुंब.

राहायला आम्ही गुरुद्वाऱ्याच्या निवासात होतो. खोली साधी, स्वच्छ. डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी घरूनच न्या. पायमोजे आत चालत नाहीत, काढूनच जावं लागतं. तंबाखू, सिगारेट खिशातसुद्धा ठेवू नका. कडाह प्रसाद दोन्ही हातांनी घ्या. तो साजूक तुपाचा असतो आणि हात चांगलेच तुपकट होतात. ते कुठे पुसायचे हा प्रश्न आईने सोडवला : तळव्याला, कोपराला आणि गुडघ्याला चोळून.

दिवस पाचवा : खडूर साहिब आणि गोइंदवाल

चार दिवसांसाठी गाडी ठरवली. चालक पन्नाशीचे, बोलके सरदारजी, त्यांना आम्ही वीरजी म्हणू लागलो. अमृतसर सोडलं आणि दोन्हीकडे गहू, मधूनच मोहरीचा पिवळा पट्टा. रस्त्याकडेला गुऱ्हाळं चालू होती. एका ठिकाणी थांबून ताजा, कोमट गूळ घेतला, त्यात बडीशेप आणि ओवा. आमच्या मराठवाड्यात असा गूळ मी खाल्ला नाही.

तरनतारनचं भलंमोठं तळं बघून दहाच्या सुमारास खडूर साहिबला पोहोचलो. हे दुसरे गुरू अंगददेव यांचं गाव. आज इथे गर्दी नव्हती, शाळेची मुलं तेवढी होती. गुरुमुखी लिपीला घडीव रूप अंगददेवांनी दिलं आणि ती मुलांना शिकवायला इथेच सुरुवात केली. कुस्तीचा आखाडाही त्यांनी चालवला. अक्षर आणि व्यायाम दोन्ही एकाच गुरूकडे!

आवारात एक निवृत्त शिक्षक भेटले. आई भिंतीवरची पाटी वाचायचा प्रयत्न करत होती. ते म्हणाले, "माताजी, आपको हिंदी आती है तो आधी गुरुमुखी आ गई." मग बाकावर बसून त्यांनी वहीच्या पानावर तिला पैंतीस अक्षरं काढून दाखवली. ग आपल्यासारखाच, ट आणि ठ तर हुबेहूब. फसवणारी दोन : त्यांचा 'स' आपल्या 'म'सारखा दिसतो आणि त्यांचा 'म' आपल्या 'भ'सारखा. आई सातवी शिकलेली. तिने ते पान घडी करून पिशवीत हरिपाठाच्या पुस्तकात ठेवलं.

लंगरात खीर मिळाली. अंगददेवांच्या पत्नी माता खीवी लंगर सांभाळायच्या आणि त्यांच्या तुपाळ खिरीचा उल्लेख खुद्द गुरू ग्रंथ साहिबात आहे. चारशे-साडेचारशे वर्षं एका बाईच्या हातची चव ग्रंथात जपली गेली आहे. मला हे कुठल्याही सोन्याच्या पत्र्यापेक्षा मोठं वाटलं.

तिसरे गुरू अमरदास यांची गोष्टही याच गावात घडली. साठी उलटल्यावर ते अंगददेवांचे शिष्य झाले. रोज पहाटे बियास नदीवरून गुरूंच्या स्नानाला पाण्याची घागर आणायचे, वर्षानुवर्षं. एका काळोख्या, पावसाच्या रात्री ते विणकराच्या मागाच्या खुंटीला अडखळून पडले. आवाज ऐकून विणकराची बायको म्हणाली, असेल तो अमरू, ना घर ना दार. गुरूंनी हे ऐकलं आणि ज्याला थारा नाही तोच सगळ्यांचा थारा आहे म्हणून त्यालाच आपल्या जागी बसवलं. तेव्हा अमरदास त्र्याहत्तर वर्षांचे होते. त्या खुंटीच्या जागी आज गुरुद्वारा आहे. आईने तिथे जमिनीला डोकं टेकलं. "पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्याने पाणी भरलं. कावड वाहिल्याशिवाय कोणाला काही मिळत नाही बघ."

गोइंदवाल तिथून थोड्याच अंतरावर. अमरदासांनी इथे बाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, खोदवली. तिला ८४ पायऱ्या आहेत. नेमाची माणसं प्रत्येक पायरीवर जपुजी, म्हणजे नानकांची प्रार्थना, म्हणतात आणि दर वेळी खाली जाऊन स्नान करतात, असं ८४ वेळा. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून. पहाटेपासून बसलेली एक म्हातारी आम्ही गेलो तेव्हा पस्तिसाव्या पायरीवर होती, ओल्या कपड्यांत, डोळे मिटलेले. आईचे गुडघे दुखतात, मी नको म्हणत होते. ती एका हाताने कठडा, एका हाताने मला धरून उतरली, पायरीगणिक एकदा "रामकृष्ण हरी" म्हणत. मी मोजत होते. बरोबर ८४.

अमरदासांचा नियम होता : आधी पंगत, मग संगत. गुरूंना भेटायचं तर आधी सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून जेवायचं. बादशहा अकबर आला तेव्हा तोही पंगतीला बसला, असं इथे सांगतात. सती आणि पडदा या दोन्हींना त्यांनी सोळाव्या शतकात विरोध केला.

दिवस सहावा : सुलतानपूर लोधी

या गावासाठी मी आले होते म्हटलं तरी चालेल. गुरू नानक १४६९ मध्ये तलवंडीत जन्मले. ते आजचं ननकाना साहिब, पाकिस्तानात. त्यांची बहीण बेबे नानकी सुलतानपूरला दिलेली होती. तिच्या नवऱ्याच्या ओळखीने नानकांना नवाब दौलतखान लोधीच्या कोठारात नोकरी लागली, धान्य मोजून द्यायची. हट्ट साहिब गुरुद्वाऱ्यात तेव्हाची म्हणून जपलेली वजनं आहेत. गुळगुळीत दगड, काचेआड ठेवलेले.

माझ्या वडिलांचं नांदेडला किराणा दुकान होतं. ते गेल्यावर आठ वर्षं आईने तराजू धरला. त्या दगडांसमोर ती जितका वेळ उभी राहिली तितका वेळ हरमंदिरातही राहिली नव्हती. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असेल : नानक मोजता मोजता तेरावर आले की पुढे जाईनात. 'तेरा, तेरा' म्हणत मोजतच राहायचे. तेरा म्हणजे आकडाही आणि 'तुझंच आहे सगळं' हेही. तक्रार गेली, कोठाराची तपासणी झाली, तर माल कमी भरला नाही.

आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आई काचेवर बोट ठेवून हळूच म्हणाली, "आम्ही लाभपासून सुरू करायचो. हे तेरापाशी थांबले." आणि मग, "मापात पाप करू नये एवढंच तुझे बाबा सांगायचे. तेवढं केलं बाई आम्ही." तिचा आवाज कापला. मी तिचा हात धरला.

गावालगत काळी बेईं वाहते. नानक एका पहाटे तिच्यात स्नानाला उतरले आणि तीन दिवस दिसले नाहीत. बाहेर आले ते "ना कोई हिंदू, ना मुसलमान" म्हणत. त्यानंतर नोकरी सोडून, रबाब वाजवणाऱ्या मर्दानाला घेऊन त्यांनी दूरदूरच्या यात्रा केल्या. मर्दाना मुसलमान. काठावर बेर साहिब गुरुद्वारा आहे आणि तिथलं बोरीचं झाड नानकांनी लावलेलं मानतात.

ही बेईं मध्ये पार मेली होती. १६० किलोमीटरची नदी, गावोगावचं सांडपाणी, जलपर्णी. २००० साली संत बलबीरसिंग सीचेवाल स्वतः पाण्यात उतरले आणि कारसेवेतून, गावकऱ्यांच्या हातांनी ती साफ होऊ लागली. आम्ही काठावर बसलो तेव्हा पाणी वाहत होतं, दोन बदकं होती. गोदावरीकाठच्या माणसाने इथे बसून विचार करण्यासारखं पुष्कळ आहे. नांदेडच्या घाटांवर आम्ही काय काय सोडतो ते आठवून मला मान वर करवेना.

नानकांची शिकवण तीन शब्दांत सांगतात : किरत करो, नाम जपो, वंड छको. कष्ट करा, नाम घ्या, वाटून खा. यात्रा संपल्यावर ते रावीकाठी करतारपूरला राहिले, शेती केली आणि १५३९ मध्ये तिथेच गेले. ते गाव आता सीमेपलीकडे आहे. डेरा बाबा नानकवरून तिथे जायचा मार्ग २०१९ मध्ये सुरू झाला, पण परिस्थितीनुसार तो बंदही होतो. जायचा विचार असेल तर आधी चौकशी आणि नोंदणी करा, पासपोर्ट लागतो. आम्ही गेलो नाही.

दिवस सातवा : आनंदपूर साहिब

पंजाबच्या सपाटीत चार दिवस काढल्यावर शिवालिकच्या टेकड्या दिसल्या की बरं वाटतं. वाटेत किरतपूरला थांबलो. हरगोविंदांनंतरचे दोन गुरू, हरराय आणि हरकिशन, तिथलेच. हरकिशन पाचव्या वर्षी गुरू झाले आणि आठवं वर्ष पुरं होण्याआधीच दिल्लीत देवीच्या आजाराने गेले.

आनंदपूर नववे गुरू तेगबहादूर यांनी वसवलं. १६७५ मध्ये दिल्लीत त्यांचं शिर उतरवलं गेलं, दुसऱ्यांच्या धर्माच्या हक्कासाठी. शिष्याने ते शिर इथे आणलं. मुलगा गोविंद तेव्हा अवघा नऊ वर्षांचा. त्याच मुलाने १६९९ च्या बैसाखीला, आज केशगढ साहिब आहे त्या टेकडीवर, हातात नंगी तलवार घेऊन भर सभेत शिर मागितलं. पाच जण उठले. लाहोर, हस्तिनापूर, जगन्नाथपुरी, द्वारका आणि बिदरचे. द्वारकेचे मोहकमसिंग कापडाला छाप देणारे, बिदरचे साहिबसिंग न्हावी. गुरूंनी त्यांना अमृत दिलं, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा दिली, आणि मग त्यांच्यापुढे हात जोडून त्यांच्याकडून स्वतः अमृत घेतलं.

आईचं माहेर उदगीरचं. बिदर तिथून तास-दीड तासावर. "आपल्या बाजूचा माणूस उठला होता होय!" ती म्हणाली, आणि तिची मान नकळत ताठ झाली. उंचावरून वारा जोरात येत होता, निशाण साहिबचं कापड फडफडत होतं. हाच उठवणारा पुढे आमच्या गावी येऊन शांत झाला.

होला मोहल्ल्याला इथे प्रचंड गर्दी होते, राहायला जागा मिळत नाही. निवांत बघायचं तर ते दिवस टाळा. विरासत-ए-खालसा हे संग्रहालय २०११ पासून आहे, त्याला तीन तास तरी ठेवा.

दिवस आठवा : घुमान

पहाटे निघालो तरी धुक्यामुळे गाडी रांगतच होती. घुमान आठ-दहा किलोमीटरवर राहिलं आणि चाक पंक्चर झालं. जादा चाकातही हवा नव्हती. वीरजींचा चेहरा उतरला. ट्रॅक्टरवर चारा नेणारा एक शेतकरी थांबला, चाक आणि वीरजी दोघांना घेऊन गेला आणि जाताना आम्हाला समोरच्या आपल्या घरी सोडून गेला. त्याच्या आईने आम्हाला चुलीशी बसवलं. मक्याची रोटी, सरसोंचं साग, वर लोण्याचा गोळा. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे गुडघे दाखवत बसल्या. कुठे निघालात, तिने विचारलं. आई म्हणाली, "नामदेव." तिने हात जोडले : "बाबा नामदेव जी."

दीड तासाने निघालो, तेव्हा ऊन पडलं होतं.

घुमान गुरदासपूर जिल्ह्यातलं छोटं गाव. मराठी वाचकांना ते २०१५ च्या साहित्य संमेलनामुळे ठाऊक असेल. नामदेवांचा काळ १२७० ते १३५०, म्हणजे ते या मुलखात वावरले तेव्हा नानकांचा जन्म व्हायला शंभरावर वर्षं होती. इथे लोक त्यांना बाबा म्हणतात, माघात यात्रा भरते, आणि ते बाहेरचे होते असं कोणाच्या बोलण्यात येत नाही.

दरबारात कीर्तन चालू होतं. आम्ही मागे टेकून बसलो. आईने पुडा ग्रंथींच्या हातात दिला आणि मी हिंदीत सांगितलं की हा नामदेवांच्या जन्मगावाहून आणलाय. ते काही बोलले नाहीत. पुडा कपाळाला लावला, ग्रंथ साहिबांसमोर ठेवला आणि रागींच्या कानात काहीतरी सांगितलं. पेटीचा सूर बदलला.

"ईभै बीठलु, ऊभै बीठलु..."

इथे विठ्ठल, तिथे विठ्ठल. ग्रंथ साहिबात आहे ते हे, नामदेवांचं. पंढरपूरपासून इतक्या लांब, पगडी बांधलेल्या तीन तरुणांच्या तोंडून विठ्ठलाचं नाव येत होतं. आईचे हात आपोआप टाळीला लागले, आपल्या भजनातली टाळी. समोरचा तबलजी हसला आणि त्याने ठेका तिच्या टाळीला मिळवून घेतला.

संपल्यावर साखरफुटाणे सगळ्यांना वाटले गेले. एका वृद्ध सेवेकऱ्याला आईने तिचा तो प्रश्न विचारलाच, मोडक्या हिंदीत : पंढरी सोडून महाराज इथे का आले? तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. "आप इतनी दूर से क्यों आए, माताजी?" त्याने विचारलं. अगदी मनापासून, उत्तर हवं असल्यासारखं. आईला उत्तर देता आलं नाही. दोघंही तसेच हसत उभे राहिले.

निघताना ती दाराशी रेंगाळली. वर पाटी होती, गुरुमुखीत. तिने पिशवीतून हरिपाठाचं पुस्तक काढलं, त्यातलं खडूरचं पान उलगडलं आणि पाटीकडे बघत एकेक अक्षर लावायला लागली. वीरजी गाडी चालू करून थांबले होते. मी त्यांना हाताने थांबा म्हटलं.

"ना," ती म्हणाली. मग बोट पुढे सरकलं. "भ... नाही, नाही. हा म. म आहे हा." आणि मग न अडखळता, मोठ्याने, तिने ते नाव पुरं वाचलं.